दर पावसाळ्यात लेथ टेपर काढायली? बेड खोलायच्या आधी हे बघा

तक्रार अशी. लेथच्या चकमध्ये (धरून फिरवणारा जबडा) धरलेला जॉब, म्हणजे कातायचा तुकडा, सरळ टर्निंग केला तरी एका तोंडाला जाड आणि दुसऱ्या तोंडाला बारीक येतो, यालाच टेपर म्हणतात, तुम्ही काहीतरी खटपट करून ते नीट करता, चार-सहा महिने बरं चालतं आणि मग परत तेच सुरू, कधी कधी तर उलट्या बाजूनं. ज्यांच्याकडं असं होतंय आणि ज्यांचं शेड काळ्या मातीवर उभंय त्यांनी हे वाचा, कारण मी यात तीन वर्षं घालवली आणि त्यातली दोन तर निव्वळ चुकीच्या जागी बोल्टचे पाने फिरवण्यात गेली.

माझी लेथ साडेचार फुटी, बेल्टवाली, जुनी. जालन्यात एक वर्कशॉप बंद होत होतं तिथून भंगारापेक्षा थोडा जास्त भाव देऊन उचलली. कंपनीची पाटी कधीच निघून गेलीय, पंजाबातल्या बटाल्यात बनलेली असावी असं तिथला म्हातारा टर्नर म्हणला, आपल्याला काय, बेडवर (सगळं ज्यावर बसतं तो लांब पाट) चकजवळ बोटभर जागेतली झीज सोडली तर बाकी ठणठणीत. गाव सेलूच्या बाजूला, परभणी जिल्हा. शेड घराच्या मागं, चार इंची कोबा, वर पत्रे. धंदा नाही हो हा, हौस आहे, पण गावात लेथ आहे म्हणल्यावर शेजारीपाजारी काहीतरी घेऊन येतातच.

असंच एका जुलैत मळणी यंत्राच्या पुलीचा स्टब शाफ्ट (आखूड दांडा) आला. मूग-उडीद निघायच्या आत पाहिजे होता. चाळीस मिमी व्यासाचा, त्यावर दोन ६२०८ बेअरिंग, एक तोंडाशी आणि एक आत, मधे ११० मिमीचं अंतर. सेंटर (मोकळं तोंड टेकवून धरणारा टोकदार भाग) न लावता चकमध्येच धरून केला. आतल्या सीटवर मायक्रोमीटर लावला, माप बरोबर, म्हणलं झालं. बेअरिंग घालायला गेलो तर तोंडाशीच अडलं. पॉलिश पेपर मारून मारून आत सरकवलं, तर आतल्या सीटवर जाऊन ते खडखड सैल! मग नीट मोजलं, बाहेरचं टोक आतल्यापेक्षा तीस मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग) जाड. बेअरिंगच्या बसणीला तीस मायक्रॉन म्हणजे सगळा खेळ खलास. शाफ्ट फेकला, दुसरा केला, फाइल मारून मारून बसवला, आणि ती फाइल मारलेली जागा त्या माणसाला दाखवताना लाज वाटली ती वेगळीच.

आता माझ्या चुका सांगतो म्हणजे तुमच्या वाचतील.

पहिली चूक टेलस्टॉक, म्हणजे ज्यात ते सेंटर बसतं तो उजव्या टोकाचा भाग. टेपर आला की सगळे सांगतात टेलस्टॉक आउट आहे. मी पण त्याचे बाजूचे स्क्रू फिरवून सरकवला. अरे पण जॉब तर टेलस्टॉकला टेकलेलाच नव्हता! जो भाग जॉबला शिवतच नाही तो टेपर कुठून देणार? फायदा शून्य, उलट नंतर एक लांब दांडा सेंटर लावून केला तर तो पण टेपर आला, म्हणजे आधी एक आजार होता, आता दोन झाले. हे नीट लक्षात घ्या. नुसता चकमध्ये धरलेला जॉब टेपर येतोय आणि टेलस्टॉकचं सेंटर लावून केलेला बरोबर येतोय, तर टेलस्टॉकला हात लावू नका, गडबड हेडस्टॉकची (चक फिरवणारा डावीकडचा भाग) किंवा बेडला पीळ पडल्याची आहे. चकमधला बरोबर आणि सेंटरवाला टेपर, तर मग खुशाल टेलस्टॉक सरकवा. पिळलेल्या बेडवर सेंटरवाला जॉब बरोबर कसा येतो याचं मला लई कोडं होतं, पण टेलस्टॉक त्याच बेडवर बसलेला असतो, बेड पिळला की सॅडल (बेडवर सरकणारा, टूल धरणारा भाग) जितकं झुकतं तितकाच तो पण झुकतो, टूल आणि सेंटर दोघं मिळून सरकतात, म्हणून माप चुकत नाही.

दुसरी चूक हेडस्टॉक. पुढच्या वर्षी परत टेपर आला तेव्हा मी हेडस्टॉकचे बोल्ट ढिले करून खाली पाच शतांश मिमीची शिम (पातळ पत्र्याचा तुकडा) सारली. माझा हेडस्टॉक बेडच्या व्ही आकाराच्या उंचवट्यावर बसलाय, तो त्याच्या जागीच बसणार, त्याला शिम घालून तिरका करणं म्हणजे पायाला लागलंय म्हणून डोक्याला पट्टी. ऑगस्टमध्ये माप जमलं, मी खूश. मे मध्ये तीच लेथ उलटा टेपर काढायली, बाहेरचं टोक बारीक! शिम काढून सगळं परत बसवायला दोन दिवस गेले.

उत्तर सापडलं ते आईमुळं. घरातलं स्वयंपाकघराचं दार दर आषाढात अडकतं, ते सागवानी आहे, फुगतं, त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण त्या वर्षी शेडचं दार पण खाली घासायलं, मी लाथ मारून उघडत होतो. म्हणलं, पावसानं दार फुगलंय. आई म्हणली, "अरे लोखंडाचंय ना ते? लोखंड कधी फुगतं का?" मी दाराकडं बघितलं, मग दाराच्या चौकटीकडं, मग लेथकडं. दोन्ही एकाच कोब्यावर उभे.

आपली माती सगळ्यांना माहितीय, मी काय सांगणार. हा सगळा डेक्कन ट्रॅपचा काळा दगड, तो झिजून झालेली माती, तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाची चिकणमाती भरपूर असते, ती पाणी पिऊन फुगते आणि उन्हात आकसून भेगाळते. मे महिन्यात माझ्या शेडच्या मागच्या भिंतीला लागून जी भेग पडते तिच्यात सहा इंची स्टीलपट्टी सरळ उभी पूर्ण आत जाते. आणि पावसाळ्यात पत्र्याच्या पागोळ्या नेमक्या त्याच भिंतीशी पडतात, तीच बाजू आधी फुगते, तिथला कोबा वर उचलला जातो. माझ्या लेथचा टेलस्टॉककडचा मागचा पाय त्या भिंतीपासून दीड फुटावर. झालं, कोडं सुटलं. पावसाळ्यात तो एक पाय वर, उन्हाळ्यात तोच पाय खाली, बाकीचे तीन जवळपास जागेवर. चार पायाच्या खुर्चीचा एक पाय उचलला तर खुर्ची डुगडुगते, पण माझी लेथ फाउंडेशन बोल्टनं आवळून धरलेली, ती डुगडुगू शकत नाही म्हणून पिळली जाते. आणि बोल्ट जितका जोरात आवळला तितका पीळ जास्त, जे मी दर वर्षी इमानदारीनं करत होतो.

आता कुणी म्हणेल, एवढ्याशा पायानं माप कसं बिघडतं. बैलगाडीत कडबा उंच रचलेला बघितलाय ना, खालचं चाक दोन बोटं खड्ड्यात गेलं तर वरचा भारा हातभर झुकतो. टूल बेडच्या पृष्ठापासून उंच असतं, माझ्याकडं १६५ मिमी. पायाचं पुढंमागं अंतर २५० मिमी, दोन्ही टोकांच्या पायांमधलं अंतर एक मीटर. टेलस्टॉककडचा एक पाय एक दशांश मिमी हलला तर त्या टोकाला टूल ६६ मायक्रॉन बाजूला सरकतं, आणि चकपासूनच्या पहिल्या १५० मिमीत व्यासामधे साधारण २० मायक्रॉनचा फरक पडतो. एक दशांश म्हणजे किती, तर थंड पेयाच्या अॅल्युमिनियमच्या डब्याचा पत्रा तेवढ्याच जाडीचा असतो. काळी माती याच्या कितीतरी पट हलते.

पण माझं ऐकून लगेच पायाखाली पत्रे सारू नका, आधी टेस्ट करा. एमएसचा (साध्या लोखंडाचा) ४० मिमीचा बार घ्या, चकच्या जबड्यात पूर्ण खोल धरा, बाहेर १७०-१८० मिमी ठेवा, सेंटर लावायचं नाही. दोन टोकांना पंधरा-पंधरा मिमीच्या दोन कॉलर सोडा आणि मधला भाग दोन-तीन मिमी खाली उतरवा, म्हणजे मधे टूलला कापत बसावं लागत नाही. मशीन वीस मिनिटं चालवून गरम होऊ द्या. मग धार नवी केलेलं एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूल लावून अगदी हलका कट, पाच शतांश, ऑटो फीडवर, दोन्ही कॉलरवरून एकाच सेटिंगमधे, मधे क्रॉस स्लाइडला (टूल आतबाहेर सरकवणारा भाग) हात लावायचा नाही. दोन वेळा घ्या. मग दोन्ही कॉलर मायक्रोमीटरनं मोजा, व्हर्नियरनं नाही.

बार ४० चाच का, यावर मी आधी फसलोय. माझ्याकडं २५ चा पडला होता तो लावला, बाहेरची कॉलर भलतीच जाड आली, मी घाबरलो. पण तो बारच टूलच्या दाबानं मागं वाकत होता. बाराचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घातानं वाढतो, म्हणजे २५ पेक्षा ४० चा साडेसहा पट ताठ. १५० मिमी बाहेर निघालेल्या २५ च्या बारावर पाच किलोचा दाब आला तरी टोक १४ मायक्रॉन वाकतं, व्यासात त्याच्या दुप्पट फरक. बारीक बारावर केलेली टेस्ट खोटंच बोलते, आणि टूल बोथट असेल तर अजूनच.

आता आकडा हातात आला की वहीत तारीख टाकून लिहा आणि पुढच्या महिन्यात परत तोच बार लावून बघा. हीच सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे आणि हीच कुणी करत नाही. माझ्या वहीत जुलैअखेर बाहेरचं टोक ४० मायक्रॉन जाड, ऑक्टोबरला ३०, जानेवारीत १०, एप्रिलला उलटं होऊन १० बारीक, मेअखेर २० बारीक. बेडची झीज असती तर बारा महिने एकच आकडा आला असता, झीज काय उन्हाळ्यात भरून येत नाही. हेडस्टॉक तिरका असता तरी तेच. आकडा ऋतूप्रमाणे हलतोय म्हणजे जमीन हलतेय.

तात्पुरता उपाय सोपा. लेथसमोर उभं राहा, चक डाव्या हाताला. बाहेरचं, म्हणजे टेलस्टॉककडचं टोक जाड येत असेल तर टेलस्टॉककडचा पुढचा पाय उचला, त्यानं टूल जॉबकडं झुकतं. ते टोक बारीक येत असेल तर मागचा उचला. आधी बोल्ट ढिला, पहारीनं हळूच उचलायचं, शिम सारायची, बोल्ट नुसता लागेपर्यंत फिरवायचा, आवळून रडवायचा नाही. कास्ट आयर्नचा बेड लगेच बसत नाही, रात्रभर राहू द्या आणि सकाळी परत टेस्ट घ्या. सकाळीच घ्या, मे मधे दुपारी पत्र्याच्या शेडात लेथ एवढी तापते की तेव्हा मोजलेलं संध्याकाळी खरं राहत नाही.

लेव्हल वापरायची तर गवंड्याची पाणसळ इथं कामाची नाही, तिला एवढं बारीक दिसतच नाही. मीटरला ०.०२ मिमी दाखवणारी मास्टर लेव्हल मागून आणा. ती क्रॉस स्लाइडवर आडवी ठेवायची, सॅडल चकजवळ नेऊन बुडबुडा बघायचा, मग टेलस्टॉककडं नेऊन बघायचा. बुडबुडा मधोमध नसला तरी चालतं, दोन्हीकडं एकाच जागी पाहिजे बस. लेथ पूर्ण सपाट असलीच पाहिजे असं नाही, जहाजांवरच्या वर्कशॉपात पण लेथ चालतातच की, पीळ नसला म्हणजे झालं. लेव्हलला हात लावून लगेच वाचू नका, हाताच्या गरमीनं बुडबुडा सरकतो, दोन मिनिटं थांबा. बेड चकजवळ झिजलेला असेल तर लेव्हल तिथं थोडी फसवते, म्हणून शेवटचा निकाल दोन कॉलरच्या बारावरच द्यायचा.

पण ही शिम वर्षातून दोनदा बदलावी लागते, आणि मला ते नको होतं.

पहिलं काम पाण्याचं. मागच्या पत्र्याला पन्हाळ लावून पाणी लांब सोडलं आणि भिंतीला लागून तीन फुटी कोबा बाहेरच्या उताराचा केला. एवढ्यानंच पुढच्या जुलैचा आकडा ४० वरून २५ वर आला. खर्च शेडच्या एका पत्र्याएवढा. ज्यांना बाकी काही जमणार नाही त्यांनी निदान हे करा. भिंतीशी झाड असेल तर ते पण बघा, उन्हाळ्यात मुळं ओल ओढतात आणि तेवढ्याच भागातली माती जास्त आकसते.

पाया खोदून मुरमापर्यंत जायचं हा दुसरा मार्ग. काळ्या मातीवर बांधकामासाठी रुडकीच्या सीबीआरआय या सरकारी बांधकाम संशोधन संस्थेनं अंडर-रीम्ड पाइल (खाली फुगीर केलेले काँक्रीटचे खांब) आणले ते यासाठीच, पाइल खाली न हलणाऱ्या थरात जाऊन बसतो. आयआयटी मुंबईच्या प्रा. आर. के. कट्टी यांनी न फुगणाऱ्या मातीचा जाड थर मधे घालायचं तंत्र दिलं, आपल्याकडं मुरूम भरतात त्यामागचं शास्त्र तेच. नवीन शेड बांधत असाल तर गवंड्याला हे आधीच सांगा, आणि लेथचा पाया भिंतीच्या जोत्यापासून वेगळा ठेवा. माझ्याकडं मुरूम आठ फुटांवर लागतो, हौसेच्या लेथसाठी आठ फूट खड्डा खणला असता तर घरच्यांनी मलाच त्यात उभं केलं असतं.

म्हणून तिसरा मार्ग, लेथला तीनच पाय. तिवई कधी डुगडुगत नाही, जमीन कशीही असो. जमीन हलली तर तिवई तिरपी होईल, पिळणार नाही. पण यासाठी पायांच्या आणि बेडच्या मधे एक ताठ फ्रेम पाहिजे. मी १५० बाय ७५ च्या दीड मीटरच्या दोन चॅनल तोंडाला तोंड लावून वेल्ड केल्या, बंद डबा झाला, साधारण पन्नास किलो लोखंड. उघडी चॅनल वापरू नका, कितीही जाड असली तरी. काडेपेटीचं बाहेरचं कव्हर हातानं पिळून बघा, मग तेच एका कडेनं उभं फाडून पिळा, फरक लगेच कळतो. वेल्डिंग एका दमात ओढू नका, तुकड्या-तुकड्यानं, बाजू बदलत, नाहीतर फ्रेमच केळ्यासारखी वाकते. माझी थोडी वाकलीच. त्याचं काही बिघडलं नाही, कारण फ्रेमवर दोन आडव्या जाड प्लेटा आणि त्यांच्यावर बेडच्या चार पायांखाली एम १६ चे फाइन पिचचे जॅक बोल्ट दिलेत, दीडचा पिच, एक अष्टमांश फेरा म्हणजे ०.१९ मिमी. वर सांगितलेल्या हिशोबानं तेवढ्यात व्यासाचा फरक ३८ मायक्रॉन पडतो, म्हणून इथं पाना फिरवायचा नसतो, नुसता ढकलायचा असतो.

फ्रेमखाली हेडस्टॉककडं दोन पाय, टेलस्टॉककडं मधोमध एक. यात एक धोका आहे आणि तो गमतीचा नाही. अशी लेथ साडेतीनशे-चारशे किलोची असते, एकपायी टोकाला कुणी पुढून लटकला किंवा जड जॉब एका बाजूनं चढवला तर ती कलंडू शकते. म्हणून त्या टोकाला दोन्हीकडं आधाराचे जादा पाय दिलेत, कोब्यापासून पाच मिमी वर, टेकत नाहीत, पण कलंडायला लागली तर लगेच टेकतील. दर पावसाळ्याच्या सुरुवातीला त्या फटीत पट्टी घालून बघायचं, कोबा वर येऊन त्यांना टेकला की परत चार पाय झाले आणि सगळी मेहनत पाण्यात. मागच्या वर्षी एक टेकला होता, घासून कमी केला.

बाकी नेहमीची देखभाल ती चालूच. बेडवर ६८ नंबरचं तेल, पावसाळ्यात जरा जास्तच, नाहीतर सकाळी बोटांचे ठसे गंजून उठलेले दिसतात. सॅडलची जिब (त्याचा ढिलेपणा काढणारी पट्टी) ढिली असेल तर ती टेस्टच्या आधी घट्ट करा, ढिल्या जिबवर कुठलाच आकडा दोनदा सारखा येत नाही.

तीन पायांवर दोन पावसाळे झाले. बारा महिन्यांतला सगळ्यात मोठा फरक १० मायक्रॉन, आणि तो नेहमी एकाच बाजूचा, चककडं जाड, म्हणजे ती बेडची जुनी झीज, तिच्यासाठी बेड ग्राइंडिंगला पाठवावा लागेल आणि एवढ्यात तरी मी पाठवणार नाही. टेलस्टॉक परत मधे आणला, हेडस्टॉकखालची शिम वहीच्या पानाला चिकटवून ठेवलीय.

शेडचं दार अजून दर आषाढात अडकतंच. त्याला चौकटीसकट चारच पाय आहेत.